यात मराठा कुठंय?

डिसेंबरातला रविवार. चिमी सकाळच्या पॅसेंजरनं गंगाखेडहून परभणीला आली, ती पिशवीत ताईनं दिलेला हुरडा, ठेच्याचा डबा आणि प्लॅस्टिकच्या फाइलीत सगळी कागदपत्रं घेऊन. एनडीएचा, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, फॉर्म भरायचा होता. घरातली शिकलेली, त्यात गणिताची मास्तरीण, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. गंगाखेडात नेटकॅफेवाले भरून देतातच, पण "त्याला काय कळायलंय, तूच भर" असा ताईचा आदल्या रात्री फोनवर हुकूम झाला होता. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, बारावी चालू, विषय कोणते, सगळं नीट चाललं होतं. मग पसंतीक्रम आला. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, नेव्हल अकॅडमी. पुढं एक-दोन-तीन-चार टाकायचे. "बोल," मी म्हटलं. ती हुरडा चघळत स्क्रीनकडं वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, यात मराठा कुठंय?"

आता आमच्या भागात गेल्या काही वर्षांत फॉर्मसमोर बसून कुणी हा शब्द उच्चारला की नजर आपोआप जातीच्या रकान्याकडं जाते. माझीही गेली. "ते वर भरलं की मघाशीच," मी म्हटलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "ते नाही गं! तात्यांचं मराठा. मराठा लाइट इन्फन्ट्री."

मी तिला मास्तरीण असल्यासारखं समजावून सांगितलं. की इथं रेजिमेंट विचारतच नाहीत. आधी खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं, मग आर्मी मिळाली तर डेहराडूनला एक वर्ष, आणि कोण कुठल्या पलटणीत जाणार ते तिथं शेवटी ठरतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तिनं काही विचारलं नव्हतं. पण मीच पुढं बोलले, "आणि हे बघ, इन्फन्ट्रीत म्हणजे पायदळात मुलींना घेत नाहीत. रणगाड्यांवरही नाही. तोफखान्यात घेतात, २०२३ पासून. सिग्नल्स आहे, इंजिनियर्स आहे, बरंच काही आहे. पण मराठात नाही."

"बरं," ती म्हणाली.

आणि मला हायसं वाटलं.

तेच मला गेले कित्येक दिवस टोचतंय. कारण ही मीच ती बाई, जी दर ८ मार्चला शाळेत माईक हातात घेऊन 'कुठलंच क्षेत्र मुलींना बंद नाही' असं घसा ताणून सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या मैदानातून पहिल्या १७ मुली पास होऊन बाहेर पडल्या, त्यांचा पेपरातला फोटो कापून मी स्वतः फळ्यावर चिकटवला. अजून आहे तिथं, कोपरे वळलेत. ज्या नियमावर मी एरवी अर्धा तास बोलले असते, तो नियम माझ्याच भाचीला आडवा आला आणि मला वाटलं काय, तर बरं झालं. बंदूक घेऊन पुढं धावायची वेळ हिच्यावर येणार नाही. भाषणातली मुलगी वेगळी असते आणि हुरडा चघळत शेजारी बसलेली वेगळी, हे मला त्या रविवारी कळलं. कळून फार छान वाटलं असंही नाही.

तात्या म्हणजे तिचे आजोबा, ताईचे सासरे. १९६९ साली बेळगावला भरती झाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. का गेलात विचारलं तर देशाचं नाव त्यांच्या तोंडून कधी येत नाही. "सहा भावंडं अन् चार एकर रान, तेबी मुरमाड. बसून काय करतो?" एवढंच. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जात होतं, तांबड्या मिलोच्या भाकरी खात होतं, लेकरं सुकडीसाठी वाट्या घेऊन रांगेत उभी होती. तेव्हा या एका घरात महिन्याच्या महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. त्या मनीऑर्डरींचे खालचे तुकडे ताईच्या सासूबाईंनी तारेत ओवून ठेवले होते, किराणा दुकानदार बिलं ओवतो तसे. सासूबाई गेल्या, तार अजून देवघराच्या खुंटीला आहे. मी एकदा काढून बघितली होती. पिवळे, कडक झालेले कागद, प्रत्येकाच्या भोकाभोवती गंजाचं तांबूस कडं, आणि प्रत्येकावर तीच दोन वाक्यं. 'मी खुशाल आहे. काळजी नसावी.' डिसेंबर ७१ चा तुकडा त्यात नाही. जानेवारी ७२ चा आहे. त्यावरही तेच. मी खुशाल आहे. काळजी नसावी.

तात्या जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठातले. एकाहत्तरच्या युद्धात ते जमालपूरला, आताच्या बांगलादेशात, होते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण तिथं काय झालं हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बायकोला नाही. १५ ऑगस्टला शाळेतले लोक बोलवायला येतात, तेव्हा पांढरा सदरा घालून जातात, नारळ घेतात, परत येतात. त्या दिवसांबद्दल मी त्यांच्याकडून ऐकलेली एकुलती एक गोष्ट बुटांची आहे. रात्री नदी ओलांडली, जुनी ब्रह्मपुत्रा, बूट भिजले आणि ते पुढं कित्येक दिवस वाळलेच नाहीत. "पाय सडत्यात मग," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

अशा न बोलणाऱ्या माणसाचं वेड नातीला कसं लागलं कोण जाणे. कदाचित न बोलण्याचंच लागलं असेल. तात्यांची काळी ट्रंक आहे, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. तिच्यात टोपीवरचा तो हिरवा-लाल तुरा होता. चार-पाच वर्षांची असताना चिमी तो केसांत खोचून अंगणातल्या कोंबड्यांवर चाल करून जायची, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' करत. कोंबड्या पळायच्या आणि तात्या ओसरीवरून अगदी गंभीर चेहऱ्यानं, "मान वर. मान वर ठेव," म्हणायचे. अकरावीत गेल्यावर तिनं फिजिक्सच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: कर्तव्य, मान, साहस. रेजिमेंटचं ब्रीद. खाली गतिविषयक समीकरणं.

तर पसंतीक्रम. तो त्या दिवशी भरून झालाच नाही. मी म्हटलं, घरी विचारून ये, शेवटच्या तारखेला अजून वेळ आहे. आणि मग घरातल्या प्रत्येकानं आपापला क्रम लावला. ताईचं पहिलं नेव्ही. "पाण्यात कोण कशाला गोळ्या झाडायला जातंय?" ताईनं समुद्र एकदाच बघितलाय, गणपतीपुळ्याला, तोही पायरीवर बसून. दाजींचं एअर फोर्स. त्यांच्या मित्राचा कुणी नातेवाईक विमानदलात आहे, राहायला क्वार्टर, एसी, शिस्तीत काम, असं त्यांनी ऐकलंय. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोलिसात लागायलीय का?" नाही, मिल्ट्रीत, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "तेच की." यात त्यांची चूक नाही. १९४८ च्या सप्टेंबरात निझामाच्या राज्यात लष्कर शिरलं, १३ तारखेला शिरलं आणि १७ ला सगळं आटोपलं, त्याला नाव पडलं पोलीस ॲक्शन. ज्या भागाची सुटकाच पोलिसांच्या नावानं लष्करानं केली, तिथल्या म्हाताऱ्यांना दोन्हींतला फरक कुठून ठाऊक असणार!

आणि काकूंना खरं तर वेगळंच विचारायचं होतं. त्यांचा स्वतःचा नातू अग्निवीर आहे. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार कापून निधीत, हातात २१. हे आकडे काकूंना तोंडपाठ आहेत. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस ठेवून घेणार, बाकीचे घरी, हेही. पोरगा चांगला आहे, उंचापुरा, सुट्टीवर आला की पहाटे उठून आईला पाणी भरून देतो. पण मुली बघायला गेले की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून आधी विचारतो, "पंचवीसात हायेत का पंच्याहत्तरात?" याचं उत्तर त्याच्याकडंही नाही. काकूंना वाटतं चिमीनं ऑफिसर व्हावं, कायमचं. तसं झालं तर आपल्या नातवालाही कुठंतरी चिकटवता येईल, अशी एक भाबडी आशा त्यात आहे. चिमीनं त्यांना समजावायचा प्रयत्न केला नाही. हसली फक्त.

पुढच्या रविवारी मी गावाला गेले. एअर फोर्सचा निकाल आम्ही दाराच्या चौकटीवरच लावला. विमान उडवायचं तर १६३ सेंटीमीटर उंची लागते. चिमीला चौकटीला पाठ लावून उभं केलं, टाचा मागं, हनुवटी सरळ, डोक्यावर माझं कंपासपेटीतलं गुण्या धरलं आणि दाजींनी पेन्सिलीनं खूण केली. शिंप्याच्या टेपनं मोजलं तर १६०. पुन्हा मोजलं. १६०. दाजी म्हणाले, टेप ताणलेला असंल. मी माझा शाळेचा मीटर काढला, तरी तेवढंच. त्याच चौकटीवर खाली तिच्या लहानपणच्या खुणा आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, आणि नववीनंतर रेषा इतक्या जवळजवळ आल्यात की एकावर एक वाटतात. उड्डाणासाठीच्या ९२ जागांत मुलींना तशाही दोनच होत्या. जमिनीवरच्या कामाच्या जागा उरतात, पण तिला ऑफिसातलं विमानदल नको होतं. चिमीला वाईट वाटलेलं दिसलं नाही. दाजींना वाटलं. रात्री जेवताना त्यांनी दोनदा विषय काढला, की लटकल्यानं उंची वाढते म्हणतात.

मला स्वतःला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मला कुणी विचारलं नाही हे एक बरं. कारण माझ्या डोक्यातली आर्मी वेगळीच आहे. आमचं माहेर औसा तालुक्यातलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे जमीन हलली तेव्हा मी सहावीत होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. आमच्या गावात भिंती तडकल्या, माणसं वाचली. किल्लारी-सास्तूरच्या बाजूला वाचली नाहीत. त्यानंतरच्या पावसात रस्त्यावरून हिरवे ट्रक जायचे, एकामागं एक. आम्ही पोरं फाट्यावर उभं राहून मोजायचो. माझे वडील मदतीला गेले होते. परत आले तेव्हा कित्येक दिवस जेवताना हात धुऊन पुन्हा पुन्हा वास घ्यायचे. एवढंच सांगायचे की जवान पोरं होती, विशीतली, तोंडाला रुमाल बांधून दगड उपसत होती, आणि त्यातला एक एका घरातून निघालेला पाळणा हातात धरून नुसताच उभा राहिला होता, कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. लष्कर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं बंदूक येतच नाही, तो वडिलांनी सांगितलेला पाळणा येतो. यावर कुणाला पसंतीक्रम काय सांगणार?

राहिले तात्या. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून चिमीनं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं. आर्मी, नेव्ही का एअर फोर्स? अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असणार. तात्या बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जोडे आण."

"काय?"

"पळायला घालतीस ते जोडे. आण इकडं."

तिनं आणले. परभणीच्या बाजारातून मीच घेऊन दिलेले, सहाशे रुपयांचे, निळे. तात्यांनी ते उलटे केले आणि तळावरून अंगठा फिरवला. उजव्या बुटाचा तळ बाहेरच्या कडेला इतका झिजला होता की आतला पांढरा फोम दिसत होता. डावा त्या मानानं धड. "उजव्या पायावर जोर देतीस," ते म्हणाले. "गुडघा जाईल." मग तिला समोर बसवून तिचा उजवा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. सासरा सुनेसमोर, आजोबा वयात आलेल्या नातीचा पाय असा मांडीवर घेतोय हे आमच्याकडं बघायला मिळत नाही. ताई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. तात्यांनी टाच दाबली, बोटं एकेक करून मोकळी केली, करंगळीजवळचा फोड बघितला. "सुई तापवून फोडायचा नाही. फोडलास तर चालता यायचं नाही दोन दिस. खोबऱ्याचं तेल लाव अन् मोजे दोन घाल." बास. कुठली शाखा ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आत गेले आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं आता तुरा येतो की काय. जाड लोकरी मोज्यांची, कसर लागलेली एक जोडी घेऊन आले.

त्या रात्री फोनवरच फॉर्म उघडला. चिमीनं आर्मीपुढं एक टाकला. नेव्हीपुढं दोन. मी विचारलं, "मराठात जाता येणार नाही, तरी?" ती तेल लावलेला पाय हवेत धरून बसली होती. म्हणाली, "मावशी, २०२१ च्या आधी मुलींना हा फॉर्म तरी भरता येत होता का?"

"नाही."

"मग? आधी आत तर जाते."

२०८ जागा आर्मीच्या, त्यातल्या मुलींना १०. अख्ख्या देशातून. ९०० मार्कांची लेखी, त्यात ३०० गणिताचे, पुढं पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, तिचे पुन्हा ९००. तिचं गणित मला माहीत आहे. कॅल्क्युलसला चांगली आहे, प्रॉबेबिलिटीत घाई करते. म्हणजे ही शक्यता तिची तिलाच नीट मांडता येणार नाही, असा एक मास्तरकीचा विनोद माझ्या मनात येऊन गेला. हायसं वाटलं होतं ते मात्र गेलं होतं. त्याच्या जागी पोटात काहीतरी जड होऊन बसलं. ते अभिमानाचं होतं की भीतीचं, मला सांगता आलं नाही. मी फक्त दोनदा तपासून 'सबमिट' दाबलं.

सकाळी पाचला तिनं मला उठवलं. रोज दाजी मोटरसायकल घेऊन तिच्यामागं जातात, फाट्यापासून कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. दीड वर्ष झालं, एक दिवस चुकलेला नाही. सुरुवातीला लोक हसायचे, पोरगी पळायलीय अन् बाप हेडलाइट धरायलाय. आता त्याच रस्त्यावर अजून तीन मुली पळतात, दाजींच्याच उजेडात. त्या दिवशी दाजींना तुरीच्या मळणीसाठी यंत्रवाल्याकडं जायचं होतं, म्हणून त्यांची गाडी माझ्या हातात आली. बाकीच्या मुली हुरड्याच्या पार्टीला कुठं गेल्या होत्या. आम्ही दोघीच. थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. दोन्ही बाजूंना शाळूचं रान, कणसांवर दव, आणि लांब कुठंतरी मोटर सुरू झाल्याचा घरघराट. चिमी बुटांत तात्यांचे मोजे घालून पुढं पळायला लागली. मी बरोबर तिच्या पाठीमागं, दहा-बारा फुटांवर, लाइट पूर्ण वर. तिला सगळं स्वच्छ दिसावं म्हणून. तिची वेणी डावी-उजवीकडं हलत होती. तिच्यापुढं रस्त्यावर तिची सावली पडली होती, केवढी तरी लांब, डोकं पार पुढच्या लिंबापर्यंत पोचलेलं. ती त्या सावलीतच पाय टाकत होती.

अर्धा किलोमीटर झाला असेल. एकदम तिचा उजवा पाय मुरगळल्यासारखा झाला, ती दोन पावलं लंगडली आणि थांबली. मी ब्रेक दाबला. ती वळली, उजेडानं डोळे बारीक केले आणि धापा टाकत ओरडली, "मावशे! अशी मागं नको ना राहूस! माझीच सावली पडायलीय, खड्डा कसा दिसंल?"

"मग कुठं राहू?"

"पप्पा राहतात तसं. उजव्या अंगाला घे, थोडं लांब. अन् लाइट खाली कर."

मी गाडी उजवीकडं घेतली, साइडपट्टीवरून, आणि अंगठ्यानं डिपर खाली केला. सावली आखडून बाजूच्या शाळूत गेली. चिमीनं वाकून मोजे वर ओढले, एकदा पाय आपटून बघितला आणि पळायला लागली.